‘मला कुटुंब नाही’ या ओळीखालचं नाव

रुग्णालयाच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना असतो. भाऊंनी तिथे आधी ‘आतेभाऊ’ लिहिलं, मग ते खोडून ‘मित्र’ केलं. खाडाखोड बघून काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, नक्की कोण तुम्ही?" ती उद्धटपणे बोलली नाही, असं भाऊ आवर्जून सांगतात. पण त्या प्रश्नामुळेच जुलै २०२५ मधल्या एका बुधवारी भाऊ कापडी पिशवीभर कागद घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

मी तेहतीस वर्षं सरकारी हिशेब खात्यात काढली. शेवटची बारा निवृत्तिवेतन शाखेत गेली. आता ठाण्यातल्या नौपाड्यात आठवड्यातून एक संध्याकाळ ज्येष्ठ मंडळींचे कागद बघून देते. हयातीचे दाखले, थकबाकीचे अर्ज, नामनिर्देशनं, अडकलेली कुटुंब निवृत्तिवेतनं, असं सगळं. फी नाही, चहा मात्र त्यांनी पाजायचा. हे प्रकरण भाऊ आणि अण्णा या दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि त्यांना मी ज्या नावांनी हाक मारते तीच इथे ठेवली आहेत.

अण्णा ७३ वर्षांचे, भाऊ ६९. अण्णा राज्य सरकारच्या एका कार्यालयातून २०१० मध्ये निवृत्त झाले. अक्षर मोत्यासारखं, आणि घरातल्या वाणसामानाच्या यादीलाही तारीख घालणारा स्वभाव. भाऊ ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. १९७८ ला लागले, २००६ ला कारखान्याला टाळं लागलं. पुढे घरोघरी पंखे, मिक्सर, गळके नळ यांवर भागवलं. दोघं १९८४ पासून एकत्र आहेत. नौपाड्यातला वन-बीएचके १९९२ चा. तो अण्णांच्या घरबांधणी अग्रिमातून घेतला, म्हणून करारनामा अण्णांच्या एकट्याच्या नावावर. त्यात ओटा, फरशी, खिडक्यांची ग्रिलं आणि मुद्रांकाची रक्कम भाऊंची. यातल्या एकाही पैशाची पावती नाही.

सोसायटीत भाऊ म्हणजे ‘अण्णांचे आतेभाऊ’. चाळीस वर्षांत कुणी खोदून विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. मुंबई-ठाण्याकडे दोन पुरुषांनी एका खोलीत आयुष्य काढणं नवीन नाही. गिरणगावातल्या गाळ्यांपासून लोकांना त्याची सवय आहे. त्या सवयीच्या आडोशाला यांचा संसार निर्धास्त चालला. तो आडोसा किती पातळ होता ते अण्णा बाथरूममध्ये घसरून पडले तेव्हा कळलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रिक्षा, मग अँब्युलन्स, मग एक खासगी रुग्णालय. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर ‘रक्ताच्या नातेवाइकाची’ सही हवी, असं सांगण्यात आलं. अण्णांचे एकुलते थोरले बंधू वारले आहेत, त्यांचा मुलगा डोंबिवलीला असतो. तो कामानिमित्त नाशिकला गेला होता. तो येईपर्यंत रात्र आणि पुढचा अर्धा दिवस गेला. एवढा वेळ अण्णा शुद्धीवर होते, कण्हत होते आणि नर्सच्या औषधाच्या नोंदीतल्या चुका काढत होते. त्यांना पेन कुणी दिलं नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे विनियम आहेत. त्यांत शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची, तर पती किंवा पत्नीची, अज्ञान रुग्ण असेल तर आईवडील-पालकांची, किंवा खुद्द रुग्णाची, असं म्हटलं आहे. खुद्द रुग्णाची. शुद्धीवरच्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला पुतण्या लागत नाही. पण हे काउंटरवर कुणी म्हणालं नाही, आणि ‘मित्र’ असलेल्या माणसाच्या अंगात ते म्हणायचं बळ नव्हतं.

दुसरी अडचण पैशाची झाली. अण्णांची सगळी खाती, सगळ्या ठेवी एकट्याच्या नावावर. अनामत रक्कम भाऊंनी जवळच्या ४०,००० मधून भरली, बाकीची पुतण्याने यूपीआयने. पुतण्या वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवायला हवं. अशा प्रकरणांत पुतण्याला खलनायक करायची घाई असते. या पुतण्याने बॉल बदलण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मुकाट्याने भरले, आणि काकांना एवढंच विचारलं, "आतेभाऊ म्हणजे कुठल्या आत्याचे?" अण्णांना सख्खी, चुलत, मानलेली, कुठलीच आत्या नव्हती.

पिशवीतले कागद

मी कागदांचे दोन ढीग करते, माझी जुनी सवय. एका ढिगात माणसाला ‘माणूस’ म्हणून मिळणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात ‘कुटुंब’ म्हणून मिळणाऱ्या.

पहिल्या ढिगात काहीच अडलं नाही. आयुष्मान भारतचं सत्तरीपुढच्यांसाठीचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि आधारवरचं वय पुरतं. अण्णांचं निघालं. भाऊंचं फेब्रुवारीत सत्तरी पुरी झाली की निघणार होतं. एसटीचं अर्धं तिकीटही तसंच, ६५ ते ७५ वयाच्या कुणालाही. तिथे कंडक्टर लग्नाचा दाखला मागत नाही.

दुसऱ्या ढिगात सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेला, एक पिवळा पडलेला कागद होता. भविष्य निर्वाह निधीचा दोन नंबरचा नामनिर्देशन फॉर्म, १९९६ चा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली, तेव्हा सगळ्या कामगारांकडून हा फॉर्म भरून घेतला होता. टाइमकीपरने भाऊंना विचारलं, "बायको?" नाही. "पोरं?" नाही. मग तो म्हणाला, "इथे सही कर, कुटुंब नाही म्हणून, आणि खाली कुणाचं तरी नाव घाल." भाऊंनी अण्णांचं नाव घातलं.

मी तो फॉर्म दोनदा वाचला. त्यात छापील मजकूर असा आहे की, योजनेच्या व्याख्येप्रमाणे मला कुटुंब नाही असं सभासद प्रमाणित करतो. त्याच्या खालच्या मजकुरात, आपल्या पश्चात पात्र कुटुंबीय नसेल तर मासिक विधवा निवृत्तिवेतन मिळण्यासाठी अमुक व्यक्तीला नामनिर्देशित करतो, असं आहे. विधवा निवृत्तिवेतन. त्याखाली भाऊंच्या वेड्यावाकड्या अक्षरात अण्णांचं पूर्ण नाव, वय ४४, आणि नात्याच्या रकान्यात एक आडवी रेघ.

एकेचाळीस वर्षांत सरकारी छापखान्यात छापलेल्या ज्या एकाच कागदावर अण्णा जोडीदाराच्या जागी बसले, तो हा. तेही ‘मला कुटुंब नाही’ हे वर लिहून दिल्यावर. फॉर्मवर छापलेलं कलम नोकरीतल्या, किंवा पेन्शन सुरू होण्याआधीच्या मृत्यूचं होतं. भाऊ अठ्ठावन्न पार करून पेन्शनर झाले. आता महिना १,६८० रुपये येतात. कागदाचा उपयोग संपला होता. तरी तो टाकून द्या असं मी म्हटलं नाही.

ही युक्ती एका फॉर्मपुरती नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) कर्मचाऱ्याला कुटुंब असेल तर बाहेरच्याचं नामनिर्देशन रद्दबातल ठरायचं. कुटुंब नसेल तर कुणाचंही चालायचं, आणि पुढे लग्न झालं की ते आपोआप पडायचं. पुरुषाच्या बाबतीत तिथलं कुटुंब म्हणजे बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, बायकोचे अवलंबून असलेले आईवडील, वारलेल्या मुलाची विधवा आणि पोरं. भाऊबहीण नव्हते. त्यामुळे आईवडील वारलेल्या अविवाहित माणसाला जोडीदाराचं नाव बिनदिक्कत घालता यायचं. पीएफचंही तसंच. खासगी नोकरीत असलेल्या तरुण जोडप्यांना मी हे हल्ली मुद्दाम सांगते. तो फॉर्म एचआरने दिलेला असतो, दहा वर्षांपूर्वी त्यात आईचं नाव घातलेलं असतं, आणि ते बदलायला एक दुपार पुरते.

अण्णांचं पेन्शन

मुख्य गाठ इथे होती, आणि ती सुटली नाही. ती पहिल्याच दिवशी सांगितली, उगाच आशा लावली नाही.

अण्णांच्या हातात महिन्याला साधारण ४२,००० येतात. अंशराशीकरणाचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे घेऊन त्याबदल्यात पेन्शनमधून कापलेला भाग पंधरा वर्षं पुरी झाल्याने २०२५ मध्येच परत सुरू झाला, त्यामुळे आकडा जरा बरा दिसतो. घर यावरच चालतं. अण्णांना पत्नी असती तर त्यांच्या पश्चात तिला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के दराने कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई वाढ, म्हणजे आजच्या हिशेबाने २५,००० च्या आसपास, मरेपर्यंत मिळालं असतं. भाऊंना शून्य. कुटुंब निवृत्तिवेतनाला नामनिर्देशन नसतं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ११६ कुटुंबाची व्याख्या करतो, आणि त्या यादीत जो नाही त्याला पेन्शनर आपल्या इच्छेने बसवू शकत नाही. ‘मला कुटुंब नाही’ इथे लिहून उपयोग नाही, कारण कुटुंब नसेल तर पेन्शन पेन्शनरबरोबर संपतं.

शाखेत असताना मी उतारवयातल्या लग्नांची प्रकरणं हाताळली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये भगवंती विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सांगितलं की निवृत्तीनंतर लग्न झालं म्हणून जोडीदाराचं कुटुंब निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही. निर्णय चांगलाच होता. त्याच्या जोरावर सत्तरीतल्या विधुरांनी काळजीवाहू बाईंशी नोंदणी विवाह केलेली प्रकरणं मी स्वतः पुढे पाठवली. दोन-तीन वर्षांचा संसार, आणि बाईंना मरेपर्यंत पेन्शन. माझी त्याला कधीच हरकत नव्हती, म्हातारपणी कुणीतरी पाणी द्यायला लागतं. पण अण्णांनी उद्या कुणा अनोळखी बाईंशी लग्न केलं तर त्यांना पंचवीस हजार आणि भाऊंना काही नाही, हे गणित मांडताना माझंच पेन अडखळलं. अण्णा हसून म्हणाले, "ताई, बाई बघून ठेवा, पेन्शनचे पैसे ती भाऊला देईल." भाऊ मात्र हसले नाहीत.

न्यायालयांचा रस्ताही समजावून सांगावा लागला, कारण भाऊंच्या मनात ‘आता कायद्याने चालतं ना’ असं पक्कं होतं. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज जोहर निकालाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, एवढंच. लग्नाचा प्रश्न १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात आला. पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाही म्हटलं, आणि बहुमताने विवाहासारखी वेगळी नोंदणीही नाकारली. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. त्या निकालातून हाती लागलं ते एवढंच की समलिंगी जोडप्यांना कोणते लाभ देता येतील ते बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची, असं केंद्राने कबूल केलं. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. न्यायालयातल्या चर्चेत रेशन कार्ड, बँक, रुग्णालय, पार्थिवाचा ताबा यांच्याबरोबर पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचंही नाव होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये जी पत्रं निघाली ती रेशन, बँक आणि आरोग्याबद्दलची. ज्याला सरकारी तिजोरीतून महिन्याला पैसे लागतात, ते राहिलं.

पैसा

सुरुवात बँकेपासून केली. वित्तीय सेवा विभागाने २८ ऑगस्ट २०२४ ला खुलासा काढला आहे: अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांचं नामनिर्देशन करायला कुठलीही बंदी नाही. खरं तर ती आधीही नव्हती, कुणीही दोन माणसं संयुक्त खातं उघडू शकतात. पण बंदी नाही हे छापील असलं की शाखेतल्या माणसाचा चेहरा बदलतो. मी प्रिंट घेऊन गेले, ती दाखवावी लागली नाही. बाईंनी विचारलं, "रिलेशन?" अण्णा व्हीलचेअरवरून म्हणाले, "को-ओनर." फॉर्म पुढे सरकला. पेन्शनचं खातं एकट्याचंच ठेवलं आणि त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो चालवू शकेल अशा, खात्यात वळवली. तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे त्यात कायम राहतील असं ठरलं. पुन्हा दवाखान्याची वेळ आली तर भाऊंनी कुणाच्या यूपीआयची वाट बघायची नाही.

अण्णांचे १५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत होते, मुदत ऑक्टोबर २०२५ ला संपत होती. पुढे चालू ठेवलं तर ८.२ टक्के. पण त्या योजनेत संयुक्त खातं फक्त पती किंवा पत्नीबरोबर उघडता येतं. पोस्टाच्याच मासिक प्राप्ती योजनेत कुठलीही दोन मोठी माणसं चालतात. संयुक्त मर्यादा बरोबर १५ लाख, व्याज ७.४ टक्के. म्हणजे महिन्याला १०,२५० च्या जागी ९,२५०. भाऊंचं नाव पासबुकावर यावं याची किंमत महिन्याला एक हजार.

अण्णा हिशेबी, त्यांना हे पटेना. "नॉमिनी लावतो, व्याज कशाला सोडू?" मीही आधी त्यांच्याच बाजूची होते. मग लक्षात आलं की नॉमिनीला दावा दाखल करावा लागतो, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, आणि तोवर घरात एक पैसा नाही. नावावर असलेल्याला फक्त पासबुक घेऊन जायचं असतं. भाऊंना मराठी चौथीपर्यंतचं वाचता येतं आणि काउंटरची त्यांना धास्ती आहे. हजार रुपये मान्य झाले. मृत्युपत्रात या खात्याचाही स्पष्ट उल्लेख घातला, कारण खात्यावरचं नाव आणि पैशावरची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वारस हा फरक बरोबर ओळखतात.

विमा कंपनीची वार्षिकी घेऊन भाऊंना तहहयात उत्पन्न लावावं, असा माझा एक विचार होता. एलआयसीच्या जीवन अक्षयमध्ये दोघांच्या हयातीपर्यंत चालणारा पर्याय आहे, पण दुसरी व्यक्ती पती-पत्नी, भावंडं किंवा सरळ वंशातली हवी. तिथेही आतेभाऊ चालला नसता. सोडून दिलं.

रेशन कार्ड एकत्र करावं का, असं भाऊंनी विचारलं, कारण त्याचं पत्र निघालंय हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. राज्यांना सूचना आहे खरी, जोडीदारांना एकाच घरातले धरा म्हणून. मी नको म्हटलं. भाऊंचं कळव्याच्या जुन्या पत्त्यावरचं केशरी कार्ड आहे. अण्णांच्या पेन्शनबरोबर उत्पन्न एकत्र धरलं की ते पांढरं होणार. कुटुंब मानलं जाण्याचाही खर्च असतो, आणि सरकार तो भाग आधी वसूल करतं. यावर माझ्या ओळखीच्या एका तरुण कार्यकर्तीने मला चांगलंच सुनावलं, की हक्क असा सोयीने घ्यायचा नसतो. तिचं बरोबर असेल. पण ते कार्ड तिचं नव्हतं.

घर

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि माझं म्हणणं पूर्ण चाललं नाही.

महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. भाऊंना बक्षीस द्यायचं तर खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क, आणि नौपाड्यातल्या घराच्या सरकारी किमतीवर ते कित्येक लाख होतं. शिवाय आयकर कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत लग्नाविना जोडीदार बसत नाही, त्यामुळे ५०,००० च्या वरची भेट घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. म्हणजे महिना १,६८० वाल्या भाऊंनी घरावर आयकर भरायचा. या तरतुदीला एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अ‍ॅटर्नी जनरलना नोटीस काढली. निकाल येईल तेव्हा येईल. मृत्युपत्राने आलेल्या मालमत्तेवर मात्र हा कर नाही, आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही.

सोसायटीत भाऊंना सहयोगी सभासद करून घ्यावं अशी अण्णांची कल्पना होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहयोगी सभासद कोण होऊ शकतो त्याची यादीच कायद्यात आली: पती, पत्नी, आईवडील, भाऊबहीण, मुलं, जावई, सून, भाचे-पुतणे. तिथे पुतण्या बसतो, भाऊंना जागा नाही. नामनिर्देशन मात्र भाऊंच्या नावाने झालं. तेही त्यांना तात्पुरता सभासद करतं, खरा हक्कदार दाखल होईपर्यंत. तेव्हा मृत्युपत्र हाच रस्ता. ते नसतं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सगळं पुतण्याकडे गेलं असतं.

मी म्हणत होते, घर सरळ भाऊंच्या नावे करा, पूर्ण मालकीने. अण्णांना ते नको होतं. त्यांचं म्हणणं, भाऊच्या हयातीपर्यंत भाऊ राहील, मग घर पुतण्याला. "पोराने दवाखान्यात पैसे भरले, ताई. आणि भाऊ गेल्यावर ते कुणाला जाणार? त्याच्या चिपळूणच्या पुतण्यांना, ज्यांनी त्याला तीस वर्षांत दिवाळीला बोलावलं नाही." यावर मला उत्तर नव्हतं. तरी माझी शंका कायम आहे: हयातीपुरता हक्क असलेला म्हातारा आणि मालकीची वाट बघणारा तरुण, या जोडीत तरुणाला घाई होते.

त्यातून इमारत १९९० च्या आसपासची. नौपाड्यात दर दुसऱ्या इमारतीवर पुनर्विकासाचा फलक आहे, यांच्याकडेही दोन बिल्डर येऊन गेलेत. वकिलांनी मसुद्यात म्हणून चार ओळी जास्त घातल्या: पुनर्विकास झाला तर बिल्डरकडून मिळणारं भाडं आणि सामान हलवण्याचे पैसे भाऊंना, नव्या घरातही राहण्याचा हक्क भाऊंचाच, आणि भाऊंच्या लेखी संमतीशिवाय घर विकायचं, गहाण टाकायचं नाही. मृत्युपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, पण घरातल्या कुणाला शंका आली तर नोंदवलेला कागद जड पडतो. साक्षीदार दोन, दोघंही अण्णांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं, अण्णांची मनःस्थिती ठणठणीत असल्याचं.

अण्णांनी पुतण्याला घरी बोलावून मृत्युपत्र वाचून दाखवलं. मी तिथे नको म्हटलं होतं, त्यांनी बसवून ठेवलं. ‘माझे आयुष्याचे जोडीदार’ हे शब्द आले तेव्हा भाऊ उठून चहा टाकायला आत गेले. पुतण्या बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता. मग म्हणाला, "काका, हे आधी सांगितलं असतं तर त्या रात्री मी फोनवरच सांगितलं असतं, ह्यांची सही घ्या म्हणून."

पुढच्या आजारपणासाठी

‘मुखत्यारपत्र करून टाकू’ असं सगळेच म्हणतात. आपल्याकडचं साधं मुखत्यारपत्र, करून देणाऱ्याची समज गेली की तिथेच संपतं. म्हणजे नेमकं लागतं तेव्हा निकामी. ते केलं, पण पोस्ट-बँकेच्या धावपळीपुरतं.

त्याऐवजी दोन कागद केले. एक, उपचारांबाबतचं पूर्वनिर्देशपत्र. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. स्वतःला निर्णय घेता येईनासा झाला तर कुणाचं ऐकायचं, ती व्यक्ती ‘पालक किंवा जवळचा नातेवाईक’ अशी लिहायची असते. अण्णांनी पहिलं नाव भाऊंचं घातलं, दुसरं पुतण्याचं. भाऊंनी एकच घातलं.

दुसरा कागद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचा, आणि याचं मला खरंच नवल वाटलं. त्याच्या कलम १४ प्रमाणे कुणीही सज्ञान माणूस दुसऱ्या कुणाही सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. साधा कागद, त्यावर सही किंवा अंगठा. मुद्रांक नाही, नोटरी नाही, नात्याचा रकाना नाही. स्मृतीचे गंभीर विकारही कायद्यातल्या व्याख्येत येतात, त्यामुळे म्हातारपणी विसरायला लागलेल्या माणसासाठी याचा उपयोग आहे. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायचा नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. अण्णांनी वहीचं पान फाडलं, तिथल्या तिथे दोन प्रती लिहिल्या.

शेवटचा मुद्दा भाऊंनी काढला, तोही मी निघताना, चपला घालत असताना. "ताई, अण्णांना जवाहर बागेतल्या स्मशानात नेतील तेव्हा मी पुढे उभा राहू शकतो का?" आरोग्य मंत्रालयाचं राज्यांना गेलेलं ऑगस्ट २०२४ चं पत्र आहे, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात देण्याबद्दलचं. पण ते नातेवाईक नसतील तेव्हाचं. इथे नातेवाईक होता. मी पत्राचं काही बोलले नाही. अण्णा आतून ओरडले, "अरे, तूच पाणी दे! त्याला सांगून ठेवलंय मी." भाऊ माझ्यासमोर त्यांना ‘अण्णा, तुम्ही’ म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा विसरले आणि म्हणाले, "तू गप रे."

घरी मदतीला ब्युरोचा एक मुलगा दिवसा येतो, रोजचे ८०० रुपये. अण्णा काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. वृद्धाश्रमाची चौकशीही करून ठेवली आहे, बदलापूरच्या बाजूला. तिथे नवरा-बायकोला खोली हवी तर लग्नाचा दाखला लागतो. दोन पुरुषांना एक खोली मात्र कुणी काही न विचारता मिळते.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला होता. व्हीलचेअर खाली उतरवणं जिवावर येत होतं, म्हणून मोबाइलवर सरकारच्या जीवन प्रमाण अ‍ॅपमधून चेहरा दाखवून करायचं ठरवलं. फोन भाऊंनी धरला, मी माहिती भरत गेले. पेन्शनच्या आदेशाचा (पीपीओ) क्रमांक, खातं क्रमांक, पुन्हा नोकरी धरली आहे का, नाही. पुढचा प्रश्न मी मोठ्याने वाचला, "पुनर्विवाह केला आहे का?"

अण्णा म्हणाले, "नाही लिहा. पहिलाच अजून नोंदवायचा राहिलाय."

भाऊंचा हात हलला, आणि चेहरा पुन्हा घ्यावा लागला.